नऊ अक्षरं

परळच्या प्रयोगशाळेत, रात्री पावणेदहाला,
शहाण्णव खळग्यांच्या प्लेटमध्ये मी थेंब सोडत जाते.
एकाच प्रथिनाचे तुकडे:
पहिल्यात एक ते पंधरा, दुसऱ्यात पाच ते एकोणीस,
तिसऱ्यात नऊ ते तेवीस,
एकमेकांवर चढलेले, मंगलोरी कौलांसारखे.
वरून कुणाच्या तरी रक्तातल्या पेशी.
मग झाकण, मग थांबणं.
परवा दोन-तीन खळग्यांत निळे ठिपके दिसतील
आणि फ्रेनी मॅडम चष्मा कपाळावर सरकवून म्हणतील,
"बघ, इथे ओळखलं."

अख्खं प्रथिन या पेशींना कधी दिसतच नाही.
घरातल्या घरात ते कातरलं जातं,
नऊएक अक्षरांची चिंधी
एका खोबणीत बसवून दाराबाहेर धरली जाते.
गस्तवाला येतो, तेवढंच वाचतो.
त्यातलीही दोन अक्षरं खोबणीत रुतलेली,
तीन-चार काय ती मान वर काढून.
तेवढ्यावर ठरतं,
सोडायचं की मारायचं.

आप्पांना हे सांगितलं तेव्हा त्यांना नवल वाटलं नाही.
एकतीस वर्षं बोरीबंदरच्या मोठ्या पोस्टात,
घुमटापासून लांब, मागच्या अंगाला,
बेवारशी टपालाच्या टेबलाशी बसलेला माणूस.
भिजलेली, उंदरांनी कुरतडलेली,
डिंकाने भलत्याच पाकिटाला चिकटलेली पत्रं.
"—वाडी, नळाच्या माग—"
"—करांचे खोलीत, खानावळीस—"
एवढ्यावरून पुरुषोत्तम राऊळ
पत्र थेट जिन्यापर्यंत पोचवायचे.
"अख्खो पत्तो कोणय वाचीत गो,
तुकडो वाचूक येवक व्हयो."

आणि ती दुसरी जात, त्यांनी विचारलं.
म्हटलं, ती कातरत नाही, ती घडी वाचते.
प्रथिनाचा दोरा गुंडाळला
की अठरावं अक्षर आणि दोनशे चौथं
खांद्याला खांदा लावून बसतात.
सरळ ओढलं तर ती खूण नाहीशी.
आप्पांनी हातातला पेपर उगाच दुमडला.
"म्हणजे इनलँड. शाई ओली आसताना घडी घातली,
की खालची सही 'तीर्थरूप'वर उमटता."
माझ्या प्रबंधात हे इतकं नीट आलेलं नाही.

मग कुणी बोललं नाही
आणि भालूदादाची झडप ऐकू येऊ लागली.
धातूची आहे. खोली शांत झाली की टिकटिकते,
पाहुणे भिंतीवर घड्याळ शोधतात.
नऊ वर्षांचा होता. घसा दुखला, बरा झाला,
पुन्हा दुखला. मिठाच्या गुळण्या, हळदीचं दूध.
मग गुडघे सुजले. मग एकदा
शाळेच्या जिन्यात तो मध्येच बसला.

प्लेटवर कुठलं प्रथिन आहे ते मी सांगितलं नव्हतं.
आप्पांनी विचारलं, "तेच मा?"
तेच. घशातल्या जंतूच्या अंगावरचं.
त्यातली थोडी अक्षरं
दादाच्या हृदयातही होती, जवळजवळ तशीच.
"म्हणजे वाचताना चुकले?"
नाही आप्पा. वाचलं बरोबरच.
दोन्हीकडे मजकूर तोच होता.

त्यांनी पेपराची घडी उलगडली, पुन्हा घातली.
"सत्त्याऐंशी साली एक पाकीट इला व्हता.
—ळकर, दुसरा माळा, बेकरीवर—
इतक्याच. कोणा बायचां अक्षर.
तसले दोन पत्ते व्हते शारात.
मी एक धरलंय."

आम्ही पुढचं ऐकायला थांबलो.
पुढचं त्यांनी सांगितलं नाही.

भालूदादा उठला.
टिकटिक दारातून स्वयंपाकघरात गेली,
रक्त पातळ ठेवायच्या गोळीचा कागद फाटला,
भांडं वाजलं.
आतून त्याने विचारलं,
आप्पा, साखर किती घालू?